बाबांकडचा नियम

रविवारी दुपारी झोहराच्या घटस्फोटित नवऱ्याने, जवादने, विदादला रॉटरडॅममधल्या जुन्या घराखाली सोडलं आणि वर न येताच तो गेला. झोहराने लेकीला हरीरा सूप वाढलं. विदाद आईला सांगू लागली, "यम्मा, बाबांकडे संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की सगळे फोन टोपलीत जातात. मग बाबा संत्री सोलून देतात. कुणी ओरडायचं नाही, असा नियमच आहे." "कुणी केला?" "बाबांनीच." अकरा वर्षं झोहराने त्याच्याकडे एवढंच मागितलं होतं. रोज एक तास सगळ्यांनी शांतपणे एकत्र बसायचं. तेव्हा तो म्हणायचा, "घर आहे हे, मदरसा नाही," आणि दार आपटून कॅफेत जायचा. "नवी आई म्हणते, बाबा कधी चिडतच नाहीत." विदादने चमचा वाडग्यात फिरवत विचारलं, "मी तिकडेच राहू? इथे तू सारखी चिडतेस."  अगदी शांत आवाजात झोहरा म्हणाली, "बाबांना विचारते."