सहा शब्दांपुरता श्वास

रक्तदाब दोनशे चाळीस, खाली एकशे चाळीस.

पायरीवर एकच चप्पल.

शेजारच्या मोरोक्कन बाईच्या रेडिओवर लग्नाचं गाणं.

मास्कच्या कडेने गुलाबी फेस.

बेर्शेबाची अॅम्ब्युलन्स दिमोनाला गेलीय. फिरून यायला तास तरी.

इस्रायलमधल्या येरुहामचा दवाखाना, १९७१, दुपारचे साडेतीन. डॉक्टर मंगळवारी आणि गुरुवारी येतात. आज सोमवार. खाटेच्या कडेला मनाशे पाय खाली सोडून, उशांना टेकून बसला होता आणि स्वतःच्याच छातीत बुडत होता. नर्स एकटीच होती, आणि ती त्याचीच मुलगी, नुरीत.

तिने लघवी सुटायचं इंजेक्शन दिलं, मग मॉर्फीन. दोन्ही पाय आणि डावा हात रबरी पट्ट्यांनी आवळला, म्हणजे तेवढं रक्त तिथेच अडेल, फुफ्फुसांवरचा भार हलका होईल. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पट्टा सोडायचा आणि मोकळ्या हाताला किंवा पायाला बांधायचा.

"एक हात... सोडलास," मनाशे मास्कमधून म्हणाला. "टॅक्सी... थांबवायला?"

"बोलू नका, पप्पा."

"आडवं तरी कर गं त्यांना," आई अबिगेल म्हणाली. "हजामाच्या खुर्चीत बसवल्यासारखं काय बसवलंयस!"

"लो, इमा," नुरीत हिब्रूत म्हणाली. नाही, आई. आडवं केलं तर छातीतलं पाणी वर चढेल, हे मराठीत समजावून सांगायला तिला वेळ नव्हता.

चार वाजता दाब तेवढाच होता. ओठ निळे पडले होते. मनाशेने मोकळा उजवा हात डोळ्यांवर नेला, ज्यू लोक शेमाची प्रार्थना म्हणताना नेतात तसा. मग त्याच हाताने मास्क चाचपला.

अबिगेलला कळलं. "काढ तो मास्क. शेमा म्हणू दे त्यांना."

"आत्ता नाही."

"कोकणात आपल्या लोकांना हिब्रूतलं दुसरं काही येत नव्हतं, नुरू. एवढंच येत होतं. तेवढं म्हणून जायचे. सहा शब्द आहेत. सहा शब्दांना असा किती श्वास लागतो?"

"मास्क काढला तर पप्पा जातील. आणि तो शेवटचा शेमा मरणाऱ्याने म्हणायचा असतो. पप्पा मरत नाहीयेत."

तिने बापाचा हात खाली घेतला. पट्टा बदलायची वेळ झालीच होती. डावा पाय मोकळा केला, उजव्या दंडावर पट्टा चढवला, आणि हात धरूनच ठेवला. "फक्त श्वास घ्या. गाडी येतेय."

मनाशेने तिच्याकडे पाहिलं. कारखान्यात तो सगळ्यांना बजावायचा, माझी मुलगी नर्स आहे, ती सांगते ते निमूट ऐकायचं. त्याने मान हलवली. तोंड मिटलं. मोजून मोजून श्वास घेऊ लागला. अबिगेलही त्या मास्ककडे बघत त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागली.

चार पंचविसला नुरीतच्या हातातला हात जड झाला. गाडी पाचला पाच कमी असताना आली. तोवर अबिगेलने त्याच्या कानात शेमा म्हटला होता, त्याच्या वाटचा. मग तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू सगळं केलंस गं. कसली कसर ठेवली नाहीस."

मास्कला जोडलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन पावणेचारलाच संपला होता. काटा शून्यावर आलेला नुरीतने तेव्हाच पाहिला होता.