अर्धं टेबल
राज्याचे दोन तुकडे झाले आणि चॅनेलच्या साहेबांनी माझी विनोदी मालिकाही तोडायला घेतली. तिच्यात आंध्रवालं आणि तेलंगणावालं, अशी दोन बिऱ्हाडं एकाच टेबलावर चटणीवरून भांडत जेवायची. "अब घरां अलग दिखाओ मॅडम, नै तो सीरियल बंद," त्यांनी बजावलं. मी इथल्याच बरकतपुरा मोहल्ल्यातली मराठी बाई. छप्पन साली भाषावार राज्यं होताना आमचं खटलं तीन राज्यांत पांगलं. कुणी विचारलं नव्हतं. या वेळी लेखिका मीच, निर्मातीही मीच. सुताराकडून कॅमेऱ्यासमोर सेटवरचं टेबल मधोमध कापून घेतलं. एकेका घराला अर्धं टेबल, दोन पाय. हात सोडताच दोन्ही तुकडे धाडकन आडवे झाले. साहेब पोट धरून हसले. "अब ये लोगां खाना कैसा खाते?" "जेवायचं, तर रोज आपापलं अर्धं आणून जोडायचं," मी ठणकावलं, "मग खुशाल भांडायचं."