कुंपणाजवळची मेथी

"गोळ्यांचं पाकीट कुठे आहे?" विनीताने मागच्या दारातूनच विचारलं. मेथीच्या वाफ्यातून वेचलेले चार निळे दाणे तिच्या तळहातावर होते. गोगलगायी मारायचं विष.

शार्दूलने लॅपटॉपवरून मान वर केली. "कसलं पाकीट?"

"स्नेल पेलेट्सचं. शेजारच्या डेबची कुत्री व्हेटकडे आहे, झटके येतायत तिला. कुंपणाखालून परत आपल्याकडे शिरली असणार. दाणे सापडले म्हणून मी डेबला कळवलं, तर व्हेट विचारतोय नेमकं कुठलं औषध. पाकिटाचा फोटो हवाय. आत्ता."

"मी काहीही टाकलेलं नाही. मघाशी डेब दारात आली तेव्हा तिलाही तेच सांगितलं. नो वरीज, आम्ही ऑल ऑरगॅनिक."

सोफ्यावर मफलर गुंडाळून बसलेले सासरे, भास्करराव, म्हणाले, "मी तर रोज सकाळी हाताने वेचतो गं गोगलगायी."

ते खरंच होतं. पुण्याहून आल्यापासून इथे परदेशात, ट्रुगानिनाच्या या चिकट काळ्या मातीत बाबांनी मेथी, लसूण, मटार सगळं उगवून दाखवलं होतं. दव गोठायची भीती वाटली की स्वतःच्या अंगावरची चादर वाफ्यावर घालून येत. कुत्रीने दोनदा वाफा उकरला, तेव्हाही शब्द न बोलता त्यांनी पुन्हा बी टाकलं. त्यांच्यावर संशय घ्यायचं विनीताच्या मनातही आलं नाही.

शार्दूलची गोष्ट वेगळी. तो घरून काम करायचा आणि त्याची मीटिंग सुरू झाली की कुत्री भुंकायची. "एकदा हिचा बंदोबस्त करायला हवा," असं तो गेल्या आठवड्यात दोनदा म्हणाला होता. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा न हसता. शिवाय सिगरेट सोडली म्हणून त्याने तिला वर्षभर जे सांगितलं, ते इतक्या सरळ चेहऱ्याने की खोटं उघडं पडलं त्या दिवसापासून तिने त्याचा चेहरा वाचायचं सोडूनच दिलं होतं. तेव्हा पुन्हा विचारून काय मिळणार?

गॅसवर मेथीची भाजी तयार होती. दुकानातल्या जुडीची, कारण बागेतली अजून पुरती वाढली नव्हती. भाजीकडे बघताना तिला एक गोष्ट सुचली. चांगली नव्हती, पण सुचली.

तिने ताट वाढलं आणि शार्दूलच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"आत्ता?" तो म्हणाला.

"गरम आहे तोवर खाऊन घे. पाकीट मी शोधते. आपल्या वाफ्यातली आहे, कुंपणाजवळची. आज पहिल्यांदाच खुडली. बाबा, तुम्हालाही वाढू?"

"नको. मला उपास आहे आज."

विनीताचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ओट्याला टेकून नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. शार्दूलने डाव्या हाताने टाइप करत करत उजव्या हाताने पोळी तोडली, भाजी उचलली. थांबला नाही, निरखलं नाही. तिला एकदम हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

घास तोंडापर्यंत गेला आणि बाबांनी सोफ्यावरून उठून त्याचं मनगट धरलं.

"टाक तो."

"अहो बाबा, काय?"

"टाक म्हणतो ना!"

बाबांचा उपास शनिवारचा असे. आज बुधवार होता.

घास ताटात पडला. बाबांनी मनगट सोडलं नाही. "गोगलगायींसाठीच टाकलं होतं रे," ते म्हणाले. "हाताने वेचून संपेनात. मग ती बाई रडत दारात आली आणि मी घाबरलो. म्हटलं पोलीस येतील, तुमच्या व्हिसाचं काहीतरी होईल."

"बाबा, पाकीट," विनीता म्हणाली.

ते तसेच अनवाणी गॅरेजमध्ये गेले आणि खताच्या पोत्यामागून पाकीट घेऊन आले. तिने फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने डेबचं उत्तर आलं. व्हेटला हवं ते कळलं होतं, कुत्री वाचेल म्हणत होता. थँक्स, लव्ह. बाबा तोंड धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"तू जेव ना," विनीता शार्दूलला म्हणाली. "दुकानातली आहे रे मेथी. बागेतली नाहीच."

शार्दूलने भाजीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे परीक्षा माझी होती."

 त्याने लॅपटॉप मिटला, ताट फिरवलं आणि तिच्यासमोर सरकवलं.

"आधी तू खा."