उमेदवाराचं म्हणणं

"ताई, प्रश्न ग्रुपवर टाका म्हणलं ना!" पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारांचा पीए फोनवर खेकसला. त्या ग्रुपवर लिहायची सोय फक्त त्यालाच होती.

वैजयंताची बातमी तयार होती. तालुक्याचं प्रसूतिगृह वर्षभर कुलूपबंद. संपादकाचा हेका एकच, "उमेदवाराचं म्हणणं घे, नाहीतर छापत नाही." पीएला हे पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी तोंडच उघडलं नाही की बातमी आपोआप मरते.

मग तिनं ओळखपत्र पर्समध्ये कोंबलं, शेजारणीचं आरतीचं ताट उचललं आणि प्रचारफेरीच्या गल्लीत ओवाळायला थांबलेल्या बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. पत्रकाराला टाळता येतं. मतं मागायला आलेला माणूस ओवाळणाऱ्या बाईपुढून हलत नाही.

साहेब डोक्यावर रुमाल धरून वाकले. कुंकू लावून ती ओवाळायला लागली. "मी वैजयंता, पेपरवाली. प्रसूतिगृहाचं कुलूप कधी निघणार?"

पीए धावला. "ताई, आटपा!"

"दिवा अर्ध्यात थांबवू व्हय, दादा?" बायका फिसकन हसल्या.

"निवडून आल्यावर बघू," साहेब पुटपुटले.

"पाच वर्षं निवडूनच आला होता की!"

साहेब तसेच पुढे सरकले. पुढच्या म्हातारीनं ताट हातात धरलं होतं, पण कुंकवाला बोट लावलं नाही. "माझी सून जीपमध्ये बाळंत झाली. आधी त्या पोरीला उत्तर द्या, मग ओवाळते."

गल्लीच्या टोकापर्यंत एकेक ताट खाली आलं. साहेबांनी पीएकडे पाहिलं, पीएनं जमिनीकडे.

साहेबांनी घसा खाकरला. वैजयंतानं पेन काढलं.