सरकारपुरतं गवत

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान चेचून कुपीत टाकलं होतं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली होती. एक रेघ उमटली तर वच्छलाबाईंची पऱ्हाटी कायदेशीर. दोन उमटल्या तर चार एकर पीक नष्ट, वर गुन्हा. उत्तर यायला दहा मिनिटं लागणार होती. तेवढा वेळ वच्छलाबाई आणि सरकार वावराच्या एकाच धुऱ्यावर, बांधावर, उभे होते.

सरकार म्हणजे कृषी अधिकारी समता मॅडम आणि बंदोबस्ताला आणलेले हवालदार जानराव.

"तुमच्या वावरात गवत नाही," मॅडम म्हणाल्या. हा आरोप होता.

"नाही कसं? हे काय."

रस्त्याकडच्या चार ओळींत गवत होतं खरं, गुडघाभर. नांदुऱ्याहून येणाऱ्या जीपमधून तेवढंच दिसायचं, म्हणून वच्छलाबाईंनी तेवढंच फवारायचं सोडलं होतं. मॅडम जीपमधून उतरतील, हे त्यांनी धरलं नव्हतं.

"आत एक काडी नाही. कोणी निंदलं?"

"म्या."

"चार एकर? एकटीनं?"

"मंग? तुमी आल्या होत्या काय निंदाले?"

जानराव खोकले.

मॅडमनी आवाज खाली आणला. "काकू, तणनाशक मारलं तरी न मरणारं बियाणं आहे हे. याला मान्यता नाही. तपासणी चालू आहे."

"किती वर्सं झाले?"

"प्रक्रिया असते."

"म्या दोन हंगामांत तपासलं. वावर माह्यं, बुडलं त माह्यंच बुडन. तुमाले काऊन एवढा घोर?"

"शेजारच्याच्या पिकात याचा पराग गेला तर?"

"तो त मलेच बी मांगून राह्यला."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

पट्टीवर पहिली रेघ आली. ती सगळ्यांचीच येते; पट्टी चांगली असल्याची ती खूण. तिघंही कुपीवर वाकले. दुसरी रेघ आली ती फिकट, पण सरकारी कामाच्या मानानं लवकर.

वच्छलाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"जानराव," मॅडम म्हणाल्या, "पंचनाम्याला वीस झाडं उपटा. मुळासकट. रस्त्याकडून सुरू करा, फोटोत वावर यायला पाहिजे. बाकीचं उद्या मजूर लावून."

"पऱ्हाटी लावली म्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "उपटाले तुमचेच हात लागतीन."

जानरावांनी टोपी काढून धुऱ्यावर ठेवली आणि ते पहिल्या ओळीत उकिडवे बसले. बुडाशी हात घातला. मॅडमनी मोबाइल धरला. मूळ सुटल्याचा आवाज आला. जानरावांनी हातातलं झटकलं, माती पाडली, मुळं उन्हाकडे करून बाजूला टाकलं. गवत होतं. हात पुढे सरकला. तेही गवतच.

"जानराव!"

"हो मॅडम." त्यांनी मान वर केली नाही. "गवत काढल्याबिगर झाडाले हात कसा पोचन?"

ते पुढे सरकले. डावा हात पऱ्हाटीची फांदी अलगद बाजूला धरत होता, उजवा तिच्या बुडातलं गवत ओढत होता. वच्छलाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग शेजारच्या ओळीत बसल्या.

मॅडमनी मोबाइलमध्ये पाहिलं. फोटो स्पष्ट आला होता: वर्दीतला माणूस वावर निंदत होता.