इनासचं डुक्कर

रविवारी चर्चमध्ये मिसा संपता संपता फादर रोनाल्डनी सांगितलं, की बेकरीमागच्या हॉलमध्ये बसणाऱ्या त्या म्हाताऱ्या फादरला बिशपांची परवानगीच नव्हती. त्याच्यापुढे पापं कबूल करून केलेली कन्फेशनं धरली जाणार नाहीत, ती पुन्हा करा. मरोळ गावठाणातल्या सगळ्यांची तोंडं उतरली. घरात एकट्या राहणाऱ्या फिलूमावशीला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. आता सगळं परत पहिल्यापासून सांगायला मिळणार होतं.

शनिवारी ती फादर रोनाल्डच्या कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली.

"फादर, मी शेजारच्या इनासचं डुक्कर चोरलं आणि नाताळात त्यालाच त्या डुकराच्या मटणाचं सोरपोतेल वाढलं. मेला बोटं चाटत होता."

"मावशी, गावठाणात डुकरं कुठे राहिलीत आता?"

"नाहीत ना. इनास तरी कुठे राहिलाय? गेला तो पण."

"म्हणजे पापंसुद्धा बनवून सांगता तुम्ही? त्या म्हाताऱ्या फादरने दिलेली माफी खोटी, तुमची पापं खोटी. मग दर शनिवारी तिथे जात कशाला होता?"

फिलूमावशीने मांडीवरचा झगा सारखा केला.

"तो विचारायचा ना, 'मग पुढे काय झालं, मावशी?'"

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. मावशी गुडघा धरून उठायला लागली.

"बसा हो," फादर हळूच म्हणाले. "चोरताना ते डुक्कर ओरडलं नाही?"