फ्यूज कुणाच्या खिशात

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर नरसिंहरावांनी पंचवीस वर्षं एकच नियम पाळला: पॅनेलमध्ये हात घालणाऱ्यानं आधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे चुकूनही कुणी वीज सोडणार नाही. म्हणूनच ते रोज बायकोपोरांत धडधाकट परतले. त्र्याण्णव साली त्यांची लेक मेघाश्री इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्यांनीच घेतलेल्या परीक्षेला उभी राहिली: एक पॅनेल दुरुस्त करून दाखवायचं. पास झाली तर कारखाना, नाहीतर बँकेतली नोकरी. फ्यूज काढताच ती थबकली. पंजाबी ड्रेसला खिसाच नव्हता. "अक्का, स्वल्प... जरा इकडे द्या," फोरमन मुनियप्पा हसला. नरसिंहरावांनीही हात पुढे केला. "मी सांभाळतो." "नाही अण्णा. हात माझा, फ्यूजही माझ्याकडेच." तिनं ओढणीच्या टोकात फ्यूज बांधला, टोक कमरेला खोचलं आणि पॅनेल उघडलं. दुसऱ्या दिवशी ते चिकपेटेतल्या शिंप्याकडे गेले. "लेकीला खाकी शर्ट शिवायचाय. खिसे मोठे ठेवा."